गाडी लावली का?

जेवणं आटोपून धनंजय आणि दोन-तीन नवी पोरं खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती. गॅरेजमधले जुने मेकॅनिक रामेश्वरकाका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "खैरुद्दीन आपल्याच यार्डात टूर बस चालवायचा. जयगडचा. त्याच्या बाबतीत झालंय हे, त्यानेच मला सांगितलेलं. ऐकायचं तर फोन खिशात टाका."

दोन हजार चोवीस. जानेवारीतला दुसरा गुरुवार, अमावास्येची रात्र. काम रोजचंच. रास अल खैमाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, जिथे दिवेही संपतात, तिथल्या कॅम्पवर पाहुण्यांना सोडायचं आणि रिकामी बस घेऊन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या यार्डात परतायचं.

खैरुद्दीन खुशीत होता. त्याच्या बायकोचा, शहनाझचा, व्हिजिट व्हिसा आला होता. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच इकडे येणार होती. तिला शेजारच्या गाईडच्या सीटवर बसवून हाच घाट दाखवायचा, असं त्याने कधीचं ठरवलेलं.

"पट्टा मात्र लावावा लागेल हां," तो सकाळीच फोनवर म्हणाला होता.

"मला बांधून नेणार? मी काय म्हैस आहे?"

"म्हैस परवडली. ती ऐकते तरी."

हसता हसता तिला खोकला आला. थोडा ताप आहे, म्हणाली. थोडाच.

त्यांच्या घरात एक रीत होती. खैरुद्दीनचा चुलता ट्रक चालवताना फोनवर वाईट बातमी ऐकून दरीत गेला होता. तेव्हापासून शहनाझनेच सगळ्यांना ताकीद दिली होती : स्टेअरिंगवरच्या माणसाला वाईट काही सांगायचं नाही. आधी विचारायचं, गाडी लावली का?

पाहुणे उतरले. बस घाट उतरू लागली. फोनला रेंज नव्हती. एका वळणावर बझर वाजला. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की वाजतो तो.

सीट रिकामी होती.

"सेन्सर गेला असेल, काका," धनंजय म्हणाला.

"महिन्यापूर्वी मीच नवा बसवला होता. ऐक."

खैरुद्दीनने बस कडेला घेतली. सीटवर हात फिरवला. बाटली नाही, पिशवी नाही. शेवटी ड्रायव्हर लोक करतात तेच त्याने केलं. रिकाम्या सीटवरच पट्टा ओढून खटकन लावला. बझर थांबला.

बस घाट उतरून खाली येताच रेंज आली. फोन वाजला. शहनाझचा भाऊ, यहया.

"दुल्हेभाई, गाडी लावली का?"

"नाही. का रे?"

"काही नाही... लावलीत की फोन करा."

फोनमध्ये मागे कुणीतरी बाई रडत होती. फोन कट झाला.

त्याला कळलं. पण सांगितलं कुणीच नव्हतं. जोवर गाडी चालू होती, तोवर शहनाझ होती.

यार्डाचं गेट आलं. वॉचमनने दांडा वर केला. खैरुद्दीनने गेटातूनच बस वळवली आणि अल ऐनच्या रस्त्याला लावली. दोन्हीकडे वाळू. अंधार. फोन वाजत राहिला. त्याने उचलला नाही. गावी जायच्या रात्रीच्या विमानाची वेळ टळत होती, तेही त्याला कळत होतं. तरी पाय ब्रेकवर जाईना.

तो बोलत होता. शेजारच्या सीटशी. घर कसं घेऊ, समुद्र कुठे दाखवू...

त्याने वळून पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

अल ऐन आलं. मागे वळला. परत वाळू. डिझेलचा लाल दिवा लागला.

आणि मग... अगदी जवळून. दमलेला, ओळखीचा आवाज.

"लावा आता."

त्याने गाडी लावली. इंजिन बंद केलं.

लगेच फोन वाजला.

"लावली?"

"लावली."

यहया बोलला. खैरुद्दीन ऐकत राहिला. पहाटेची अजान होईपर्यंत तो तसाच बसून होता.

मातीला तो पोचला नाही. जयगडला गेला तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. परत इकडे आला नाही.

कुणीतरी विचारलं, "आणि बस?"

"माझ्याकडे आली, धुवायला. त्या सीटचा पट्टा लावलेलाच होता. पण सीटला चिकटलेला नव्हता रे... असा, पुढे. पोटावरून गोल. आत कुणी असावं तसा."

"मग?"

"मी चावी फिरवली. बटण दाबून पट्टा सोडला."

काकांनी अंगठ्याने हवेतच बटण दाबून दाखवलं.

"बझर वाजायला लागला."

काकांनी थंड झालेला कप उचलला.

"मी पट्टा परत लावला. तो अजून कुणी सोडलेला नाही."