सांडस्वर

सन २०४१. सांगलीच्या ध्वनिजतन प्रयोगशाळेत वामनराव करंबेळकर ताठ बसले होते. तरुणपणी झोपायच्या खोलीत, खिडकीला गादी उभी करून, चार ट्रॅकच्या कॅसेट-रेकॉर्डरवर त्यांनी आणि पत्नी कुमुदताईंनी गाणी भरली होती. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती संग्रहात ‘जोडगाणी’ म्हणून लागावीत, एवढीच त्यांची इच्छा. नातेवाइकांना सांगूनही झालं होतं.

डॉ. सायली कोंडेकरांनी सगळे ट्रॅक संगणकावर उतरवले होते. “काका, कुठली फाइल कुठल्या वर्गात, ते आम्ही नाही ठरवत. सांडस्वर-वेचक हा प्रोग्रॅम ठरवतो.”

“म्हणजे?”

“एकेक आवाज वेगळा भरताना दुसरा तुमच्या हेडफोनमध्ये वाजत असतो. तो कडेनं थोडा सांडतो, माइक उचलतो. आपल्याला ऐकू येत नाही, वेचकाला येतो. दोघांनी एकमेकांना ऐकत गायलं असेल तर जोडगाणं, नाहीतर एकल.”

“मग प्रश्नच नाही. आधी मी गायचो, मग ही, मग हिला कानात घेऊन मी पुन्हा. हिच्याशिवाय मला सूर सापडतच नाही.” हे वाक्य त्यांनी प्रत्येक समारंभात म्हटलं होतं. कुमुदताई शेजारी चिक्की मोडत होत्या.

पडद्यावर फायली लागू लागल्या. कुमुदताईंच्या ट्रॅकमध्ये वामनराव होते, चांगले ठळक. वामनरावांच्या ट्रॅकमध्ये इलेक्ट्रॉनिक तबला होता. कुमुद नव्हती. एकल. पुन्हा एकल.

“हेडफोन जुना होता,” ते पुटपुटले.

“तबला आलाय की त्यातून, काका.”

त्यांचे कान तापले. हेडफोनमधल्या तिच्या आवाजाचं बटण आपणच शून्यावर न्यायचो. ती सुरात पक्की. ती कानात असली की आपण कुठे घसरतो ते कळायचं.

“अहो, चिक्की घ्या.”

त्यांनी घेतली. पण हातातच धरून ठेवली. “‘एकल’ हे नाव हातानं बदलता येईल का?” त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

“येईल. पण सांडस्वर फाइलीबरोबरच राहतो. उघडेल त्याला दिसेल.”

तेवढ्यात शेवटची कॅसेट जोडगाण्यांत पडली. वामनराव उठलेच. “बघा. आहे ना एक.”

सायलीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. “यात तुम्ही नाही, काका. दोन्ही ट्रॅकवर काकूच आहेत. एका आवाजाला ऐकत दुसरा भरलाय, मग दुसऱ्याला ऐकत पहिला पुन्हा.”

“ती कॅसेट रिकामीच पडली होती,” कुमुदताई पदरावरचा चुरा झटकत म्हणाल्या. “तुम्ही बँकेत गेलात की भरायचे. वाया कशाला घालवायची?”

वामनरावांनी हेडफोन लावला. गाणं फार बारीक येत होतं. त्यांची बोटं बटणांवरून चाचपडत फिरली.

“आवाज मोठा कुठून करायचा?”

“तुम्हाला नुसता लहान करता येतो,” कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यांनीच हात पुढे केला.