खांद्यातला गुरुवार

२०६१ सालच्या मिरजेत दुखरा गुडघा घेऊन दवाखान्यात गेलं, की डॉक्टर आधी तारीख सांगायचे. ‘काका, हा गुडघा दिवाळीतल्या व्हॉलीबॉलनं गेलेला नाही. त्याच्या अकरा दिवस आधी तुम्ही जिन्यावरून घसरलात, तेव्हाच गेलाय.’ असं ऐकून भलेभले खेळाडू घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत बाहेर पडायचे.

ही सगळी ताणलेखाची करणी. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. पूर्वी डॉक्टर नडगी पुढे ओढून बघत, खांदा फिरवून बघत, मग यंत्रातून चित्र काढत. पट्टी फाटलीय एवढं कळायचं. कधी आणि कशानं, ते पेशंट सांगेल तेच खरं. मग शोध लागला, की पट्टीतला प्रत्येक धागा बसलेला झटका जपून ठेवतो, झाडाच्या खोडात वर्षं साठतात तसा. किती जोराचा, कुठल्या दिशेचा, कधीचा, सगळं. ही नोंद म्हणजे ताणलेख. आणि सतरा वर्षं ओलांडली, की धाग्यांचा गाभा बदलत नाही. एकदा लिहिलं गेलं ते जन्मभरासाठी.

प्रणोती जगदाळेला सतरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. डॉ. अस्मा मुजावरांच्या तपासणीखोलीत स्टुलावर बसून ती मनातल्या मनात एकच घोकत होती: रविवार निघू दे, देवा, रविवारच निघू दे.

समोर पलंगावर होती शमिका भोईटे. तिची जिवलग मैत्रीण, आणि गेल्या गुरुवारपासून कबड्डी संघाची कर्णधार. दोघी चार वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहून साखळी करत होत्या. साखळी म्हणजे बचावातल्या दोघींनी एकमेकींचा हात धरायचा आणि चढाईला आलेलीला मध्ये घेऊन आवळायचं. रविवारच्या सामन्यात कऱ्हाडच्या निशिगंधानं ती साखळी फोडली आणि शमिकाचा उजवा खांदा निखळला. ‘मुद्दाम पिरगळला!’ म्हणून अख्खं मैदान ओरडलं. तक्रार झाली. निशिगंधावर दोन वर्षांची बंदी येऊ घातली होती. तक्रारीखाली साक्षीदार म्हणून पहिली सही प्रणोतीची होती.

‘सुई टोचणार का हो?’ शमिकानं विचारलं.

‘नाही गं. पट्टा बांधायचा आणि गप्प पडायचं. जमेल?’ डॉक्टर म्हणाल्या.

‘पट्टा जमेल तिला,’ प्रणोती म्हणाली. ‘दुसऱ्याचं अवघड आहे.’

‘बघा, डॉक्टर! आजाऱ्याला असं बोलतात का?’ शमिका हसली, आणि हसताना खांदा हलला म्हणून कळवळली. 

पडद्यावर एक हिरवी रेघ सरकू लागली. डॉक्टरांनी एका उंचवट्यावर बोट ठेवलं. ‘हा रविवार. एवढ्याशा झटक्यानं धडधाकट खांदा निखळत नाही, बाळ.’

‘मग?’

‘तो आधीच फाटलेला होता.’ रेघ मागे सरकली आणि एकदम सुळक्यासारखी वर चढली. ‘गुरुवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला. कुणीतरी उजवा हात आडवा ओढलाय, चांगला पाऊण सेकंद. तुझ्या उजवीकडे कोण असतं?’

शमिकानं मान वळवली. ‘ही.’

गुरुवारी सरांनी कर्णधार म्हणून शमिकाचं नाव घेतलं होतं. प्रणोतीनं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या होत्या, सगळ्यांत जोरात. मग सरावात शिट्टी वाजली. शिट्टी वाजली की हात सोडायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तिनं सोडला नाही. घट्ट धरला आणि हिसडा दिला. ‘आई गं! सोड की!’ शमिका ओरडली होती, आणि ती म्हणाली होती, ‘काय कर्णधारबाई, एवढ्यात कुरकुर?’ सगळ्या पोरी खो खो हसल्या होत्या.

‘चुकून झालं असेल,’ शमिका म्हणाली. ‘हो ना, पनू?’



डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘चुकून की मुद्दाम, ते हिच्या खांद्याला माहीत नसतं. ओढणाऱ्याच्या खांद्याला असतं. हात चुकून अडकला, तर ओढणाऱ्याचा खांदा सैल असतो. मुद्दाम ओढायचं असेल, तर माणूस खांदा आधी आवळतो. निमिषभरच, पण तेवढं लिहिलं जातं. अर्थात, धडधाकट माणसाचा ताणलेख मी त्यानं हो म्हटल्याशिवाय वाचत नाही. आणि माझ्या अहवालाला त्याची गरजही नाही. निशिगंधा सुटली, बास.’

म्हणजे ‘चुकून’ एवढा एक शब्द बोलला की झालं. उजळ माथ्यानं बाहेर पडणारी प्रणोती तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. ती उठली, जर्सीची बाही वर सारली.

‘माझा वाचा.’

‘नको,’ शमिका म्हणाली.

‘शमे, ऐक ना, मला...’

‘नको म्हटलं ना!’ शमिकाचा आवाज चिरकला. मग ती हळू बोलू लागली, छताकडे बघत. ‘आठ महिने व्यायामाला यायचंय मला इथं. रोज. बाबांची ड्यूटी असते. स्कूटर तुझ्याकडे आहे. उद्यापासून कुणाच्या मागं बसू मी? साखळीत कुणाचा हात धरू? चुकून झालं. म्हण.’

प्रणोतीनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्या अहवाल लिहीत होत्या, खाली मान घालून.

‘चुकून झालं,’ ती म्हणाली.

‘मग संपलं.’ शमिकानं डोळे पुसले आणि नेहमीसारखं नाक उडवलं. ‘आता उठव मला. हळू हं, म्हशी.’

पट्टा अजून शमिकाच्या खांद्यावरच होता, आणि रेघ आता त्या खांद्याचा आत्ताचा ताण दाखवत होती. प्रणोतीनं तिला उठवायला हात पुढे केला. हात पोचायच्या आधीच, वीतभर अंतरावर असतानाच, पडद्यावरची हिरवी रेघ टरारून वर गेली.

दोघींनीही ती पाहिली.

‘गार असतात तुझे हात,’ शमिका म्हणाली.

‘हो,’ प्रणोती म्हणाली. ‘गारच आहेत.’