झुलेखाच्या नावाचा पेला

मयूर, चिप्सचं पाकीट खाली ठेव, कुरकुर नको. उर्वी, गॅलरीतला दिवा मालव. घाबरायचं तर नीट घाबरा, अर्धवट नको. मी थापा मारतो हे आखातातल्या आपल्या या मंगफभर माहीत आहे. पण ही गोष्ट सिराजची, आणि त्या बिचाऱ्याला थाप मारताच येत नाही.

सिराज दापोलीकडचा. इथं अम्गरातल्या एका वर्कशॉपात कूलर दुरुस्तीला. इथं भिंतीबाहेर पाण्याचे स्टीलचे कूलर दिसतात ना, ते घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतात. झाडूवाला, ड्रायव्हर, कुणीही यावं, पाणी प्यावं, त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, मयताला पोचावा. वफ्राच्या शेतांकडच्या रस्त्यावर असाच एक होता, तिथल्या शेतमालकाच्या आईच्या नावाचा. त्याचा फिल्टर बदलायचं काम सिराजकडं. काम झालं की तो बघत बसायचा. बंगाली मजूर आधी मुंडासं भिजवायचे, मग प्यायचे. सांडलेल्यावर चिमण्या उतरायच्या.

तिकडं गावी त्याची आई, झुलेखा, डायलिसिसवर. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. शेवटच्या रात्री व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "बाबू, फिजाला सांग ना रे... घोटभर पानी दे म्हनून."

"नको अम्मी. डॉक्टर नाही म्हणालेत."

फिजा त्याची धाकटी बहीण. भावाचा शब्द तिनं मोडला नाही. पहाटे अम्मी गेली... तशीच, तहानलेली. सिराजला रजा मिळेपर्यंत माती होऊनही गेली होती.

तेव्हापासून गडी एक चोरी करायला लागला. कूलर साफ झाला की पहिला पेला भरायचा, "झुलेखाच्या नावानं" असं पुटपुटायचा आणि खजुराच्या मुळाशी ओतायचा.

"बट अंकल, दॅट्स चीटिंग!" उर्वी म्हणाली.

चीटिंगच गं बाई. पाणी दुसऱ्याचं, आई आपली. ऐक आता.

पंचवीस सालचा ऑगस्ट. चौदा तारीख, गुरुवार. रात्रीचे एक वाजून दहा मिनिटं. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद, म्हणून ही वेळ. सिराजनं फिल्टर बसवला आणि पाना ठेवायला पिकअपकडं गेला. पहिला पेला अजून ओतायचा होता.

मागं साखळी वाजली. पेला बांधलेला असतो ना, ती.

तो वळला.

कूलरपाशी एक म्हातारी. पाठमोरी. डोक्यावरून पांढरी ओढणी. पाणी पीत होती. पेल्यावर पेला. गटगट... सगळ्या उजाड रस्त्यावर तेवढाच आवाज.

"खालाजान?"



तिनं पेला पुन्हा नळाखाली धरला. ओढणी सरकली. डाव्या कोपरापाशी... डायलिसिसची पट्टी.

पळावं? आईपासून?

ती थांबली. पेला ओठांशी तसाच. मान अर्धी वळली... परवानगी मागावी तशी.

त्याला रडू येईना. मग कसंबसं...

"पी, अम्मी... पी."

गटगट. गटगट.

मग... काही नाही.

रस्ता रिकामा. साखळी नुसती हलत होती. सिराज जवळ गेला. तासाभरापूर्वी त्यानंच घासून लख्ख केलेला पेला. हातात घेतला. मोबाईलच्या उजेडात धरला.

काठावर एक डाग. काळा. अजून ओला. आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्या दातांना लावतात ना... ती मिश्री.