एकतीस दारं

होबार्टहून कॉपर फ्लॅटला गाडीने जायला चार तास लागतात. नेरिडा ब्लॅकलॉक सकाळी निघाली तेव्हा तिच्या मनात धास्तीबिस्ती काही नव्हती. एक पुस्तक आणायचं होतं, इतकंच. होबार्टमध्ये तिचं फ्रेमा करून देण्याचं दुकान होतं, आणि फोटोंची पुस्तकं जमवायचं वेड. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी ती धरून असे चौघे त्यांच्यातल्याच डर्मट हॅलोरनच्या घरी जमायचे, हात स्वच्छ धुऊन टेबलाभोवती बसायचे आणि एकेक पान उलटत कागदापासून शाईपर्यंत सगळ्यावर वाद घालायचे. वाद कसले, भांडणंच. ज्याच्याकडे दुर्मिळ प्रत, त्याचा शब्द चालायचा. वीस वर्षं तो डर्मटचाच चालत आला होता.

या वेळी पारडं फिरणार होतं. ऑल्विन ट्रेगिअर नावाच्या फोटोग्राफरने पंचावन्न वर्षांपूर्वी ‘दारं’ नावाचं एक पुस्तक स्वतःच छापून काढलं होतं. एकतीस फोटो. खाणकामगारांच्या घरांची एकतीस दारं, आणि प्रत्येक उघड्या दारात एक बाई. डर्मटला उभं आयुष्य शोधूनही प्रत मिळाली नव्हती. आणि नेरिडाने कॉपर फ्लॅटच्या वाचनालयात, रविवारच्या बैठकीसाठी हे पुस्तक हवंय अशी लावलेली चिठ्ठी वाचून आयव्ही क्रॉस्थवेट नावाच्या म्हातारीने फोन केला होता. पुस्तक माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा, एवढंच बोलून तिने फोन ठेवला होता.

गावाच्या वरचे डोंगर बोडके होते. जुन्या भट्ट्यांच्या धुराने जळालेले, गुलाबी-राखी, गवताचं पातं नसलेले. बारीक पाऊस लागला होता आणि हवेत ओल्या कोळशाचा वास होता. म्हातारीचं घर रांगेतलं शेवटचं. नेरिडाने दार वाजवलं. आतून पावलं आली, दारापाशी थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी दार उघडलं तेव्हा म्हातारीने डोळे मिटून घेतलेले होते.

“बोल,” ती म्हणाली. “तोंडातून शब्द आला की डोळे उघडते.”

नेरिडाने नाव सांगितलं. म्हातारीने डोळे उघडले, पण तिला आत घेतलं नाही. पुस्तक तिने दाराआडच्या स्टुलावर काढून ठेवलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. मोबदल्याची गोष्ट तिने काढूच दिली नाही.

“तुम्ही लोक हे टेबलावर ठेवून बोलता म्हणे. काय बोलता?”

नेरिडा चाचरली. उजेड कसा पडलाय, काळा रंग किती खोल उतरलाय, फोटो कोणत्या क्रमाने लावलेत, असं काहीबाही तिने सांगितलं.

“आणि त्यातल्या माझ्या तोंडाबद्दल?”

मग म्हातारीने उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं. खाणीत आग लागली त्या दुपारची गोष्ट. माणसं खाली अडकलेली, बायका घरोघरी बातमीची वाट बघत बसलेल्या. ट्रेगिअर कॅमेरा घेऊन रांगेत फिरला आणि त्याने एकेक दार वाजवलं. बाई धावत यायची, दार उघडायची, तिला वाटायचं, नवरा गेल्याचं सांगायला आले. त्याच घटकेला तो बटण दाबायचा, आणि पुढच्या दारी जायचा.

“तुमचे मिस्टर त्या आगीत...?” नेरिडाने हळूच विचारलं.

“माझा नवरा संध्याकाळी आपल्या पायांनी चालत घरी आला. पुढे तीस वर्षं जगला. पण मी दुपारीच त्याची विधवा झाले होते, बाई. मला तो पुन्हा कधी जिवंत वाटलाच नाही. शेजारी बसून जेवायचा, आणि मी बातमीची वाट बघायचे.” तिने पुस्तक नेरिडाच्या हातात ढकललं. “बाकीच्या तीसजणी गेल्या. मी पुष्कळ उभी राहिले दारात. आता तुमच्यापैकी कुणीतरी उभं राहा.”

आणि तिने दार लावून घेतलं.

डर्मटचं घर डोंगराच्या उतारावर होतं, आणि त्या रविवारी तिथे बर्फ पडलं म्हणून बाकीचे दोघे आले नाहीत. नेरिडा आणि डर्मट, दोघंच. डर्मट सत्तरी ओलांडलेला, एकटा, जिभेला धार असलेला. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा मात्र तो उठून पुन्हा एकदा हात धुऊन आला. मग म्हणाला, “फ्रेमवालीच्या नशिबात होतं म्हणायचं. चल, निदान माझ्याकडून बघायचं कसं ते शिकून घे.”

तो भिंग लावून एकेक चेहरा बघू लागला. कुणाचं तोंड अर्धवट उघडं, कुणाच्या हाताला कणीक, कुणी पोराला दारामागे दाबून धरलेलं. आणि सगळ्यांचे डोळे सरळ बघणाऱ्यावर रोखलेले. नेरिडाने म्हातारीचं सगळं बोलणं त्याला सांगितलं. तिला वाटलं होतं, तो भिंग खाली ठेवेल. तो हसला.

“तेच तर. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला असता, तर नुसत्या दारात उभ्या बायका मिळाल्या असत्या. माणूस होता बघ. कधी दाबायचं ते त्याला कळत होतं.”

तेवढ्यात दार वाजलं.

डर्मट कुरकुरत उठला, घरातल्या अरुंद बोळातून जाऊन दार उघडून परत आला. कुणी नव्हतं. त्याने पान उलटलं. दार पुन्हा वाजलं. आता तीनदा, हलक्या हाताने. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. पायरीवरच्या बर्फात पावलं नाहीत, एवढंच पुटपुटला. खोलीत ओल्या कोळशाचा वास यायला लागला होता. डर्मटच्या घरात शेगडी विजेची होती.

“डर्मट, मिट ते पुस्तक,” नेरिडा म्हणाली.

त्याने हट्टाने पुढचं पान उलटलं. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा तो धावतच गेला. नेरिडाला बोळाच्या टोकाशी त्याची पाठ दिसत होती. दार उघडलं, दुपारचा पांढरा उजेड आत आला, आणि डर्मट तसाच उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा बघून तिने नजर टेबलाकडे वळवली. आणि टेबलावरही तोच चेहरा होता, बाईचा.

“सांगितलं त्यांनी,” तो म्हणाला.

“कुणी...?”

“बायकांनी. कॉल्म गेला.”

कॉल्म हा त्याचा धाकटा भाऊ, पर्थला असायचा. नेरिडानेच फोन लावला. कॉल्मने स्वतः उचलला. धडधाकट होता, भावाच्या नावाने शिव्या घालत होता. तिने फोन डर्मटच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला आणि हळूच म्हणाला, “हो, हो. पण मला सांगितलंय ना.” मग खुर्ची उचलून बोळात नेली आणि दाराकडे तोंड करून बसला. पुस्तक मांडीवर. तिने मागितलं, तर त्याने दिलं नाही.

तीन आठवडे तो फोन उचलत नव्हता. शेवटी एका दुपारी ती पुस्तक मागायला गेली. म्हातारीला ते परत नेऊन द्यायचं तिने पक्कं केलं होतं. पायरीवर ब्रेडची पुडकी तशीच पडलेली. दाराला वरच्या बाजूला धुरकट काच होती. नेरिडाने वाजवायला हात उचलला आणि तिला आतला श्वास ऐकू आला. अगदी दाराला लागून.

“डर्मट?”

“नाव नको सांगूस,” आतून त्याचा आवाज आला. “कुणाचंच... सांगू नकोस.”

काचेपलीकडे त्याचं डोकं दिसत होतं. त्याच्यामागे आणखी एक. त्यामागे आणखी. सगळा बोळ डोक्यांनी भरलेला होता, दाटीवाटीने, हलत नव्हतं कुणी. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. तेव्हा तिला उमगलं की दाराबाहेर, दार वाजवायला हात उचललेली, आता ती आहे.

आतून एक बायकी आवाज आला. रडवेला नव्हता. कडक होता, जाब विचारल्यासारखा.

“कोण गेलं? सांग.”

आणि नेरिडाच्या जिभेवर एक नाव आलं. कुठून आलं, ते तिला कळलं नाही. पुरुषाचं नाव, पुरतं, आडनावासकट. तिच्या ओळखीत त्या नावाचं कुणी नव्हतं. ते बाहेर पडायला धडपडत होतं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि मागे सरकत, पुन्हा पडलेल्या बर्फात घसरत, गाडीपर्यंत पोचली.

तिने बोलावलेल्या पोलिसांनी दार उघडलं तेव्हा डर्मट एकटाच होता. खुर्चीत नाही, उभा. जिवंत होता. आता तो एका वृद्धाश्रमात असतो, आणि तिथले लोक त्याच्या खोलीचं दार वाजवत नाहीत, हाक मारून आत जातात. पुस्तक घरात कुठेच सापडलं नाही. कॉल्म अजून ठणठणीत आहे, पण भावाला भेटायला आला तेव्हा डर्मट त्याच्याकडे बघून नुसता रडत राहिला.

नेरिडाने ते नाव कुणाला सांगितलं नाही, कागदावरही लिहिलं नाही. ऑक्टोबरात तिची मुलगी थिआ हिचा ब्रिस्बेनहून फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. एकजण भेटलाय, नाताळला त्याला घेऊन येते म्हणाली.

“आई, गप्प का झालीस? ऐक तरी,” थिआ म्हणाली. “त्याचं नाव—”

नेरिडाने फोन ठेवून दिला.