नव्वद अंशांपर्यंत

आतल्या खोलीतून गजेंद्रचं हसणं ऐकू आलं, आणि चहाचा ट्रे घेऊन निघालेली उर्वशी दारापाशीच थबकली. असं मोकळं, पोटातून आलेलं हसणं या घरात तिनं किती वर्षांत ऐकलं नव्हतं... आणि आज कानावर पडलं ते तिच्यासाठी नव्हतं. ते हिमानीसाठी होतं, त्याच्या मोडलेल्या पायाला व्यायाम द्यायला रोज चार वाजता येणाऱ्या त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीसाठी.

“पचमढीच्या घाटात तर अर्ध्या लोकायनं सायकल हातात धरून चढवली, सर,” हिमानी सांगत होती. “फोटो काढायपुरते सगळे परत सीटवर बसले.”

गजेंद्र पुन्हा हसला. उर्वशीनं चहा स्टुलावर ठेवला तेव्हा त्याची नजर क्षणभर तिच्याकडे वळली आणि परत फिरली. “अन् मी कवा बसीन सीटवर, मॅडम?” त्यानं विचारलं.

“गुडघा नव्वद अंश वाकू द्या. मंग होळीपर्यंत सोडतो तुमाले रस्त्यावर.”

होळीपर्यंत. तो शब्द उर्वशीच्या काळजात काट्यासारखा रुतला. होळीला जेमतेम तीन महिने उरले होते.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी बोरगावजवळ उतारावर कुत्रं आडवं आलं आणि गजेंद्र सायकलसकट डांबरावर आदळला. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर तुटलं. सोबतच्या नितीननं त्याला गाडीत घालून नागपूरला नेलं, तिथं ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवली, आणि दहा दिवसांनी लोधीखेड्याच्या शाळेतले हे गणिताचे मास्तर सौंसरच्या आपल्या घरात पलंगावर येऊन पडले. उर्वशी त्या दिवसांत रडली, खूप रडली. पण त्या रडण्याच्या तळाशी एक चोरटा आनंदही होता, ज्याची तिला स्वतःलाच भीती वाटे. पंधरा वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदा दिवसभर घरात होता.

लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा तिच्या सासऱ्यांना, नत्थूजींना, लकवा मारला होता. त्यांना ती मामाजी म्हणे. पुढची सहा वर्षं ते अंथरुणावरच होते, आणि त्यांचं जेवण, आंघोळ, कपडे, सगळं उर्वशीच्या हातानं झालं. गजेंद्रनं सायकल घेतली ती याच काळात. पहाटे साडेपाचला तो निघे, कधी जामसावळी, कधी रामाकोना, आणि साडेसातला घामानं निथळत, ताजातवाना होऊन परते. घरातल्या औषधांच्या वासातून तो पळतोय हे तिला कळत होतं. तिलाही पळावंसं वाटे, पण घरात एकानं थांबावं लागतं, आणि तो एक माणूस कोण हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मामाजी गेले. आता तरी हा माणूस माझ्याकडे वळेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं आणखी हलकी सायकल आणली, आणि रविवारही रस्त्यावरच जाऊ लागले.

म्हणून तो पडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. ती त्याचे केस धुवून देई. तो पलंगावर बसून तिच्यासोबत मेथी निवडे, आंब्या बहाराची संत्री सोलून अर्धी तिच्या हातावर ठेवी. नागपूरच्या होस्टेलातून पूनमचा, त्यांच्या मुलीचा फोन आला की दोघं एकाच फोनवर डोकी टेकवून बोलत. आणि मग हिमानी आली.

पोरगी वाईट नव्हती, हेच तर दुःख होतं. मूळची पांढुर्ण्याची, इथं एका दवाखान्यात काम करत होती, स्वतः सायकल चालवणारी, आणि बोलण्यात कसलाही आडपडदा नाही. ती येण्याआधी अर्धा तास गजेंद्र केस विंचरून बसे. उर्वशीकडे पायाचं दुखणं सांगणारा तो हिमानीसमोर ओठ घट्ट दाबून एक-एक अंश पुढे जाई. उर्वशीला तिच्या तरुणपणाचा मत्सर वाटत होता का? तोही होताच. पण त्याहून जास्त मत्सर त्या रस्त्याचा होता, जो ती मुलगी रोज तिच्या घरात घेऊन येत होती.

एके दिवशी तिनं पडद्याआडून गजेंद्रचं वाक्य ऐकलं. “खरं सांगू का, मॅडम, घरात बसून माणूस मरून जाते.”

उर्वशी स्वयंपाकघरात परत आली. गॅसवर वरण उतू जात होतं, ते तिला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. हिमानीनं स्कूटी थांबवली. उर्वशी म्हणाली, “सर म्हणतात, आता घरीच व्यायाम करून घेईन. आजपासून तुमी नका येऊ.” तिचा आवाज इतका सहज निघाला की तिलाच नवल वाटलं.

हिमानीचा चेहरा उतरला. “माहं काई चुकलं का, वहिनी?”

“नाई. त्याइची इच्छा.”

घरात येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, “हिमानी मॅडमची आई लई बिमार आहे म्हणे, त्या पांढुर्ण्याले गेल्या. दवाखान्यात असतात, फोन नका करू त्याइले.” गजेंद्र भला माणूस. त्यानं फोन केला नाही. आठवड्यानं हिमानीचा मेसेज आला, ‘सर, रागावले असाल तरी व्यायाम सोडू नका,’ तेव्हा गजेंद्र आंघोळीला बसला होता आणि त्याचा फोन उर्वशीच्या हातात होता. तिनं तो मेसेज पुसून टाकला. 

व्यायाम ती स्वतः घेऊ लागली. गुडघा वाकवायला घेतला की गजेंद्रच्या कपाळावर आठ्या पडत, आणि ती लगेच हात काढून घेई. “राहू द्या आज. उद्या करू.” त्यालाही ते बरंच वाटे. ती कोमट तेल लावी, उशी ठेवी, सायंकाळी दोघं दूरदर्शनसमोर बसत, आणि तिच्या मायेच्या उबेत तो गुडघा दिवसेंदिवस लाकडासारखा होत गेला.

जानेवारीत नागपूरला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला. “चाळीसच? मागच्या वेळी पंचावन्न होता. व्यायाम बंद होता का?” मग ते म्हणाले की आतल्या आत सगळं चिकटत चाललंय. सहा आठवड्यांत नव्वद आला नाही तर भूल देऊन मोकळा करावा लागेल, आणि तरीही लंगडेपणा राहणार नाही असं वचन देता यायचं नाही.

परतीच्या वाटेवर गजेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला. सौंसर जवळ आलं तेव्हा म्हणाला, “त्या पोरीची माय बिमार पडली, त्याले कोण काय करीन? आपलंच नशीब.”

त्यानं तिला शिव्या घातल्या असत्या तर उर्वशीनं कदाचित ते पोटात ठेवलं असतं. पण हा माणूस नशिबाला दोष देत होता... दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या पलंगाशी जमिनीवर बसली आणि फाटकावरच्या त्या वाक्यापासून पुसलेल्या मेसेजपर्यंत तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं.

गजेंद्रनं पायाखालची उशी ओढून बाजूला केली. मग हळू आवाजात म्हणाला, “काहून?”

“तुमी घरात होते म्हणून.”

“म्हणून तू मले पलंगाले लावून ठेवलं? बाबासारखं?”

उर्वशीनं डोळे मिटून घेतले.

“बाबाचं नाव तू काढू नको, गजेंद्र.” दारात त्याची आई, जयवंताबाई, उभ्या होत्या. कमी बोलणारी बाई, पण आज चौकट सोडून त्या आत आल्या. “सहा वर्षं ते पडून होते. एक जखम नाई झाली पाठीले. दर दोन घंट्यानं त्याइची कूस कोण बदलवत होतं? माह्यानं तर पाण्याची बादली उचलल्या जात नाई. तू साडेपाचले सायकल काढत होता, अन् ही त्याच टायमाले त्याइचं अंग पुसत होती. तू कवा मागं वळून पाह्यलं का रे?”

गजेंद्रनं चादर पायावर ओढून घेतली.

“अन् तू, उर्वशी,” म्हातारी सुनेकडे वळली, “मी तुही बाजू घेऊन नाई राहिली. हा पाय तुह्यानं अडला. आता तूच त्या पोरीकडे जाय.”

हिमानीच्या भाड्याच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती तिनं उर्वशीला दिली आणि स्वतः खाटेवर बसली. उर्वशीनं तिलाही सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगण्यापेक्षा हे कठीण होतं, कारण त्यात स्वतःचा मत्सर उघड्यावर मांडावा लागत होता, आणि तोही बारा वर्षांनी लहान मुलीपुढे.

ऐकून हिमानी म्हणाली, “मले वाटलं, माह्या हातून सरांचा पाय बिघडला. किती दिवस मी दुसऱ्या पेशंटले हात लावायले भिऊन राहिली होती, वहिनी.”

उर्वशीची मान खाली गेली. आपण ज्या मुलीला मनात इतकं दुष्ट रंगवलं होतं, तिच्यावर किती मोठं ओझं आपण टाकून आलो होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. आत्तापर्यंत अडवून धरलेले अश्रू मग तिला आवरले नाहीत.

“येतो मी,” हिमानी थोड्या वेळानं म्हणाली. “पण माह्या एका टायमानं आता होत नाई. दिवसातून चार डाव वाकवा लागीन. तीन डाव तुमाले करा लागीन. सर ओरडले तरी हात काढायचा नाई.”

आणि ते सुरू झालं. सकाळी, दुपारी, सायंकाळी उर्वशी त्याची टाच तळहातात धरी, दुसरा हात नडगीवर ठेवी, आणि दाबत जाई. गजेंद्र तिच्याशी बोलत नव्हता. तो उशी तोंडात धरे, कधी ओरडे, कधी रागानं तिचा हात झटकून टाके. ती पुन्हा धरी. तिचे डोळे वाहत असत, पण हात मागे येत नसे. पन्नास. अठ्ठावन्न. पासष्ट. ज्या दिवशी हा गुडघा नव्वदला पोचेल त्या दिवशी हा माणूस पुन्हा त्या रस्त्याचा होईल, हे तिला ठाऊक होतं. आपल्याच हातांनी, एक-एक अंशानं, ती त्याला स्वतःपासून दूर ढकलत होती... आणि तरी ढकलत होती. चारला हिमानी आली की ती चहा ठेवून निमूट बाहेर येई. आतून हसणं ऐकू येई. मत्सर गेला नव्हता. तो रोज येई, आणि रोज ती त्याच्याशेजारी बसून भाजी चिरत राही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, दाबाच्या ऐन भरात, गजेंद्रनं तिचं मनगट धरलं. तिला वाटलं, झटकेल. पण त्यानं धरूनच ठेवलं.

“बाबा ओरडत होते का? तू हातपाय हलवायची तवा?”

“नाई,” उर्वशी म्हणाली. “आवाज निघत नव्हता त्याइचा. नुस्ते डोळ्यानं रडत.”

“मले माहीत नव्हतं.”

“तुमी नसत तवा.”

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. उर्वशीनं काही क्षण वाट पाहिली, मग म्हणाली, “अजून दहा मोजाचे बाकी आहेत,” आणि पुन्हा दाब दिला. त्या दिवशी त्यानं उशी तोंडात धरली नाही. तिचा खांदा धरला.

सहाव्या आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरांनी मोजलं तेव्हा ब्याण्णव अंश भरले. भूल द्यायची गरज उरली नाही. थोडं लंगडणं मात्र राहील, बहुतेक कायमचं, असं ते म्हणाले. उर्वशीनं ते ऐकलं आणि पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं. बाहेर आल्यावर गजेंद्र इतकंच बोलला, “ते लंगडणं आपल्या दोघायचं आहे. तू एकटी नको घेऊ.”

होळी गेली. एप्रिल लागला. सायकल अंगणात पुसून उभी होती, पण गजेंद्र तिच्याकडे जात नव्हता. उर्वशीला कळलं की तो तिच्यासाठी थांबलाय, आणि असं दान घेऊन जवळ ठेवलेला नवरा तिला आता नको होता. एका सकाळी तिनंच फाटक उघडलं. “जा,” ती म्हणाली. “ऊन तापायच्या आत या.”

तो गेला. पाय जरा तिरका पडत होता, पण चाकं फिरत होती. वळणावर त्याची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा तीच जुनी कळ तिच्या छातीतून गेली. पुढे कुठं नितीन आणि बाकीचे सायकलवाले भेटतील, कदाचित हिमानीही. ती आत आली, मामींना, सासूबाईंना, चहा दिला, कणीक मळायला घेतली.

अर्धा तासही झाला नसेल तोच फाटक वाजलं. गजेंद्र घामानं ओला, एक हात भिंतीला लावत स्वयंपाकघरात आला आणि तिच्याजवळ जमिनीवर, दुखरा पाय लांब करून बसला.

“दुखलं का?” ती घाबरून म्हणाली. “काहून परत आले?”

“नाई दुखलं. सगळे पुढं गेले रामाकोन्याले. म्या म्हटलं, मले घरी काम आहे.”

“कोणतं काम?”

तो परातीतल्या तिच्या पिठानं भरलेल्या हातांकडे बघत होता. “साडेपाचले मी निघून जायचो. मंग तू आधी काय करायची? अंग पुसायची, का चहा पाजायची? सहा वर्षं होती ना. मले पह्यल्या दिवसापासून सांग.”

उर्वशीनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच ऐकायला बसला होता. तिनं हात कणकेतून न काढताच सुरुवात केली.

“पह्यले मी खिडकी उघडायची,” ती म्हणाली. “मामाजीले उजेड लागत होता...”