सोमवारीच का तापते मोटर?

देवगाव फाट्यावर भुरभुर पाऊस होता, आणि एक जण अजब गाडी ढकलत माझ्या दुकानापुढे आला. पुढून मोटारसायकल, मागून मालाची रिक्षा, पोटाखाली बॅटऱ्या... सगळी घरीच जोडलेली!

"मोटर जळाली वाटतं. वायंडिंगवाले कुठायत?"

"तुमच्यापुढंच उभी हाय की," मी म्हटलं.

तो बघतच राहिला. माझ्या वडिलांचे, अप्पांचे, हात थरथरायला लागल्यापासून जळालेल्या मोटारींत नवी तार मीच भरते, हे फाट्यावर सगळ्यांना ठाऊक. ह्या नागेशला नव्हतं. पण नंतरही त्याचं बघणं थांबेना. माणूस सरळ नाही, हे मी तिथंच ओळखलं.

मोटर भरून दिली. तारेच्या वेढ्यात तापमान मोजणारा सेन्सर बसवला, आकडा हँडलपाशी दिसेल असा. रोजची नोंद ठेवायला एक मेमरी कार्डही आत टाकलं, ते मात्र त्याला सांगितलं नाही.

"नव्वदच्या वर गेलं की थांबायचं," एवढंच बजावलं.

पुढच्या मंगळवारी स्वारी हजर. "काल एकशे चार झालं हो."

उघडून पाहिलं तर मोटर ठणठणीत! त्याच्या पुढच्या मंगळवारी एकशे सात. मग पुन्हा तेच. दर वेळी मी मोटर उघडायची, आणि हा बाकावर बसून माझ्या बोटांकडं बघायचा.

"किती बारीक काम करता तुमी..."

"मोटरीकडं बघा. माझ्याकडं काय हाय?"

"न्हाई... शिकायलोय."

मेला शिकतोय म्हणे! शेजारी दुकान टाकायचा डाव असेल. नाहीतर मोटरीला मुद्दाम काहीतरी करत असेल. मनात नाही नाही ते यायचं. आणि तो गेला की दुकान सुनं सुनं वाटायचं, त्याचा तर जास्तच राग यायचा.

अशात कापसाच्या जिनिंग मिलचे मालक किशनराव आले. त्यांच्या सव्वीस मोटारींचं काम मला मिळणार होतं.

"स्वप्ना, तुझ्या हातची मोटर लय तापती म्हणं. ऐन हंगामात बंद पडली तर? मी दुसरीकडं बघतो."

मला रडूच कोसळलं.

मंगळवारी नागेश आला तसं मी आधी इतके दिवस विसरलेलं ते कार्ड काढून फोनला लावलं. सहा दिवस पासष्ट, सत्तर. फक्त सोमवारी शंभराच्या वर!

"सोमवारी काय करता?"

"काय न्हाई... आईला महादेवाला नेतो. मग बाजार."

त्याचे कान लाल झाले. मी गाडीची फळी उचलली, तर मोटरीला काळी लोकर चिकटलेली, ह्या खेपेला पुसायची राहिलेली.

"हे काय?"

"आई निघतानाच मोटरीला घोंगडं गुंडाळती. घरी केलेली गाडी, बाजारात समदे वाकून वाकून बघत्यात. नजर लागंल म्हणती."

"अन् मोटरीला वारं कुठून लागंल? तुमाला हे कधी कळलं?"

तो घाईघाईनं फळी परत लावायला लागला.

"नागेश, कधी?"

"दुसऱ्याच सोमवारी," तो खाली बघत म्हणाला. "पण घोंगडं काढलं असतं तर... मंगळवारी कशाच्या निमित्तानं आलो असतो?"

खोटं कशाला बोलू, मनातून सुखावले. पण संताप त्याहून मोठा होता. "तुझ्या मंगळवारापायी माझं नाव गेलं! किशनरावांनी काम काढून घेतलं, कळतंय का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला आणि समोरच्या हॉटेलात शिरला. किशनराव तिथं चहा पीत होते. आता नवीन काय थाप मारतोय, म्हणून मीही मागोमाग गेले.

"किशनराव, मोटर कधीच खराब नव्हती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मला हिच्या दुकानात बसायचं होतं, म्हणून तापू दिली. लबाडी माझी हाय. हिचं काम एकदम चोख हाय."

हॉटेलभर हशा उसळला. "ओ नवरदेव, पेढे कधी?" कुणीतरी ओरडलं. तो मान खाली घालून उभा राहिला, पण हलला नाही. किशनरावांनी माझा फोन घेऊन तारीखवार आकडे पाहिले.

"उद्या चार मोटारी पाठवतो. त्या चालल्या की बाकीच्या."

बाहेर आलो. पाऊस उघडला होता.

"आता तापायची न्हाई," नागेश पुटपुटला. "म्हणजे... यायला कारणच न्हाई उरलं."

मी त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं. कुठं लबाडी दिसते का, ते शोधलं. दिसली नाही... तरी परत एकदा बघितलं.

"आवडतोस तू मला," मी म्हटलं. "पण भरवसा न्हाई अजून."

"मग?"

"मग काय? सकाळी नऊला ये, मोटारी उतरवायच्यात. अन् भरवसा बसंपर्यंत रोज यावं लागंल."