बेर्गामो ते याश, सव्वादोन तास

इटलीतल्या बेर्गामोहून विमानाने मायदेशी याशला जायचं तर अंतर साडेतेराशे किलोमीटर आणि वेळ सव्वादोन तास. ज्या इटालियन म्हातारीच्या उशापायथ्याशी विओरिका सहा वर्षं राबत होती, तिला न्हाऊमाखू घालून जेवू घालायलाही तेवढाच वेळ लागे. पण एवढ्याशा अंतराने आज तिचा जीव मेटाकुटीला आणला होता.

"ताई, आईचं काही खरं नाही," फोनवर भाऊ नेलू म्हणाला होता. "सारखी विचारतेय, अजून किती वेळ?"

"निघालेच म्हणावं. आणि मेणबत्ती आणतेय."

ईस्टरला चर्चमधून आणलेली पिवळी मेणबत्ती तिच्या पर्समध्ये होती. मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवीच, नाहीतर जीव अंधारात चाचपडत फिरतो, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आई मात्र हटून बसली होती: घेईन तर लेकीच्याच हातून.

विमान उडालं. तीन रात्रींचं जागरण. विओरिकाच्या पापण्या जड झाल्या. खिडकीशी कुणी म्हातारी बसली होती. काळा रुमाल पार भुवयांखाली ओढलेला, तोंड खिडकीकडे.

"अजून किती...?"

"दोन तास, मावशी."

ढगांवरचं ऊन डोळ्यांत खुपत होतं. मेणाचा वास येत होता. आपल्याच पर्सचा असेल, तिला वाटलं.

"फार अंधार आहे गं इथं..."

दिसत नसेल बिचारीला. पण म्हाताऱ्यांची समजूत घालून घालून विओरिकाची जीभ झिजली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"मेणबत्ती आहे ना तुझ्याकडे? दे की..."

"ती माझ्या आईसाठी आहे!" विओरिका फटकन बोलली. "आणि विमानात काय पेटवायचंय? झोपा आता गुमान."

तिने पाठ फिरवली. डोळा कधी लागला, कळलंही नाही.

टाळ्यांनी ती जागी झाली. विमान सुखरूप टेकलं की तिच्या देशाची माणसं टाळ्या वाजवतातच. खिडकीची जागा रिकामी होती. विओरिकाला ओलांडल्याशिवाय तिथून बाहेर पडायला वाटच नव्हती.

नेलू बाहेर टोपी काढून, सुतकातल्या माणसासारखा बोडक्या डोक्याने उभा होता. ती काय ते समजली.

"कधी?"

"तुझं विमान उडालं असेल तेव्हाच. मी मेणबत्ती देत होतो गं... मूठच उघडेना. म्हणाली, पोरगी देईल."

शेजारी हात पसरून बसलेल्या आईला आपण गुमान झोप म्हणालो. हे नेलूला सांगायची तिची छाती झाली नाही.

गाडीत बसल्यावर तिने मेणबत्ती काढली. नेलूच्या लायटरने पेटवून पाहिली. वात पेट घेईना. बाहेर सूर्यफुलांच्या शेतांवर लख्ख ऊन होतं.

मागच्या सीटवरून हलकेच आवाज आला, "अजून किती...?"

"आलंच, आई," नेलू सवयीने बोलून गेला.

मग त्याने करकचून ब्रेक दाबला.

दोघांपैकी कुणीही मागे वळलं नाही. विओरिकाने ती न पेटलेली मेणबत्ती खांद्यावरून मागे धरली.

कुणीतरी ती काढून घेतली.